नाडगीर बशीतून चहा घेतात

नाडगीर जीपमधून उतरला तो काळा गॉगल लावून, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्या माणसाला बघून मला बरं वाटलं.

आमच्या साखर कारखान्याच्या कॉलनीत तेव्हा रंगीत टीव्ही एकाच घरी होता, लेबर ऑफिसर जगदाळ्यांकडे. रविवारी संध्याकाळी त्यांच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. त्या दिवशी आम्ही पंधरावीस माणसं सतरंजीवर दाटीवाटीनं बसलो होतो. पडद्यावर काळोख होता, एक बंगला होता, बंगल्यात एक प्रेत होतं आणि डिटेक्टिव्ह नाडगीर त्या काळोखात गॉगल लावून पुरावा शोधत होता. मागं कुणीतरी जीव खाऊन ड्रम बडवत होतं. मी हळूच बायकोकडे बघितलं. प्रमिला भिंतीला टेकून बसली होती आणि अंतरपाट दूर झाल्यावर समोर भलताच नवरा दिसावा तसा तिचा चेहरा झाला होता.

"हे कोण?" तिनं विचारलं.

"नाडगीर. नाव दाखवलं की आत्ता."

"नाडगीर असे नाहीत."

"आता असेच," मी म्हणालो आणि ताटलीतले शेंगदाणे उचलून तोंडात टाकले. त्या दिवशीचे शेंगदाणे फार चवदार लागले.

नाडगीर हा एका जुन्या रहस्यकथामालेचा नायक. खिशात मावणारी पुस्तकं, वर लाल-पिवळं चित्र, दर महिन्याला नवा खून. माझ्या वयाच्या बहुतेकांनी ती शाळेत बाकाखाली धरून वाचलेली. मी नाही. असलं पुस्तक घरात सापडलं असतं तर माझ्या वडिलांनी ते माझ्यासकट बंबात घातलं असतं. मी सायन्सकडे गेलो, केमिस्ट झालो, कारखान्याच्या लॅबमध्ये लागलो आणि नाडगीर या प्राण्याशी माझा संबंध आला तो थेट लग्नानंतर.

लग्न झाल्यावर दोन वर्षं मला क्वार्टर मिळालं नव्हतं. मी इथं बॅचलर खोलीत आणि प्रमिला विट्याला, माझ्या आईवडिलांपाशी. मग क्वार्टर मिळालं, ती आली, आणि तिच्या ट्रंकेत साड्यांच्या घडीखाली नाडगीर होता. एक नाही, सातआठ पुस्तकं. पुढं कॉलनीच्या वाचनालयातून जुनी झालेली पुस्तकं ती विकत घेत गेली आणि आमच्या भिंतीतल्या कपाटाचा एक खण त्यानं बळकावला. आयत्या बिळात नागोबा.

बायकांना सवत असते. पुरुषावर तशी वेळ येईल असं कुणाला वाटलंच नसावं, म्हणून तसला शब्दही कुणी करून ठेवलेला नाही. मला मात्र तो शब्द रोज लागायचा.

दुपारची भांडी झाली की ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला पाठ लावून वाचायला बसायची. त्या वेळी घराला आग लागली असती तर तिनं आधी पान दुमडून खूण केली असती आणि मग बादली उचलली असती. वाचायची तिची एक रीत होती. पुस्तक हातात आलं की पहिल्यांदा ती शेवटचं प्रकरण काढायची, एकही अक्षर न बघता दाभणानं त्याला दोन भोकं पाडायची आणि पांढरा दोरा ओवून गाठ मारायची. शेवट बंद. मग वाचायला सुरुवात. गाठीपाशी आली की पुस्तक मिटून कणिक भिजवायला उठायची, आणि रात्री जेवताना खुनी कोण ते मला सांगायची. सगळं कारणासकट. मगच कात्री. दहापैकी नऊ वेळा तिचं बरोबर यायचं. तेव्हा ती जे हसायची, तसं हसू माझ्या बढतीच्या दिवशीसुद्धा मला बघायला मिळालं नव्हतं.

आणि बोलणं कसं, तर अहो-जाहो. नाडगीर म्हणाले, नाडगीर उठले. अख्खी कॉलनी त्याला अरेतुरे करायची. ही त्याला नवऱ्याचा मान द्यायची. एकदा मी सांगायला गेलो की आज चीफ केमिस्टनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. "हो का," ती म्हणाली. "मीठ वाढू?" डोळे माझ्याकडे होते, पण लक्ष त्या खुनात. फार मागणं नव्हतं माझं. एकदा, एकदाच, तिनं माझ्याकडे त्या नजरेनं बघावं. त्या कागदी माणसाला जे फुकट मिळत होतं ते मला, दरमहा पगार आणून हातात ठेवणाऱ्या माणसाला, मिळत नव्हतं, आणि त्यामुळं मी आतल्या आत जळून कोळसा होत होतो.

म्हणून टीव्हीवर मालिका येणार हे कळलं तेव्हा मी धसकाच घेतला होता. कागदावरचा इसम आता हाडामांसाचा होऊन येणार, देखणा असणार, आणि दर रविवारी माझी बायको इस्त्रीची साडी नेसून त्याला बघायला जाणार. आणि आला तो हा. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. पहिल्याच भागात त्यानं गाणं ऐकलं, दोन माणसांना लाथा मारल्या आणि खून सोडवायच्या आधी मदतनीस पोरीला घेऊन तळ्याकाठी फिरून आला. मला देव पावला.

घरी येताना प्रमिला म्हणाली, "नाडगीरांना चष्मा आहे. प्रश्न विचारायच्या आधी ते चष्मा काढतात. धोतराच्या टोकानं पुसतात, आणि मग विचारतात."

"धोतराच्या?"

"म्हणजे कापडाच्या कुठल्यातरी."

"बरं."

"आणि कपातून चहा काय पितो तो. ते बशीत ओततात. आणि लगेच पीत नाहीत. बशी तशीच धरून बसतात, निवेपर्यंत. तेवढ्यात त्यांना सुचतं."

"लिहून पाठव त्यांना," मी म्हणालो.

दुसऱ्या रविवारी ती म्हणाली, नाडगीर असे खो खो हसत नाहीत, त्यांचे नुसते खांदे हलतात. तिसऱ्या रविवारी काहीच म्हणाली नाही. पण जात राहिली. तिची आशा काही सुटत नव्हती. मीही जात राहिलो. शत्रूची धिंड कोण चुकवतो?

चौथ्या रविवारी 'विहिरीवरचा दिवा' होतं. हे तिचं सगळ्यांत लाडकं. निदान पाचदा वाचलेलं. शेवट जवळ आला आणि मध्येच साबणाच्या जाहिराती लागल्या. जगदाळे पाटावर मांडी घालून बसले होते, ते मागं वळले. माणूस मनानं वाईट नव्हता, पण घरात टीव्ही आल्यापासून आपणच मालिका काढल्यासारखे वागायचे.

"काय खांबेटेवहिनी, तुम्ही म्हणं सगळी बुकं कोळून प्यालाय. सांगा की मग, कोण खुनी?"

"सांगू नये," प्रमिला म्हणाली. "वाचलेल्यानं न वाचलेल्याला नाव सांगायचं नसतं."

"म्हंजे ठावं नाही म्हणा की सरळ."

"अहो, कशाला पिडताय त्यांना," जगदाळेवहिनी म्हणाल्या. पण आता सगळी सतरंजी तिच्याकडे वळली होती. एरवी ती बधली नसती. चार रविवारचा राग तिच्या पोटात साठलेला होता.

"डॉक्टर," ती म्हणाली. "विहिरीवर रोज दिवा कोण ठेवतं ते सगळे शोधतात. कशासाठी ठेवतात ते एकटे नाडगीर विचारतात. डॉक्टरला अंधारात दिसत नसतं. दिव्याच्या अंदाजानं तो मागच्या वाटेनं येतो. म्हणून खुनाच्या रात्री दिवा जास्त मोठा असतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा. इतकं नीट सांगितलं होतं तिनं. जगदाळेवहिनी म्हणाल्या, "बाई बाई, काय डोकं," आणि तेवढ्यात जाहिराती संपल्या.

खुनी माळी निघाला.

गॉगल काढून नाडगीरनं माळ्याच्या कानाखाली वाजवली आणि माळ्यानं रडत कबुली दिली. डॉक्टर बिचारा बाजूला स्टेथॉस्कोप घालून उभा होता. बघणाऱ्यांनी ओळखू नये म्हणून शेवट फिरवला, असं पुढं कुठंतरी छापून आलं.

आधी एक पोरगा फिसकन हसला, मग सगळा हॉल. "वहिनी, तुमचा डॉक्टर सुटला की निर्दोष," जगदाळे म्हणाले. "बुक वाचलंय का नुसतं चाळलंय?" पुन्हा हशा. माझं हसायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात माझी नजर तिच्याकडे गेली आणि ते तसंच मिटलं. ती उठली, पदर सावरला, ढिगातून आपल्या चपला शोधल्या आणि बाहेर पडली.

रस्त्यात ती एवढंच म्हणाली, "पुस्तकात माळी नाहीच हो."

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तर कपाटाचा खण रिकामा. जुन्या चादरीत बांधलेलं गाठोडं दाराशी. "वाचनालयात देऊन या," ती म्हणाली. "नाही घेतली तर रद्दीत."

म्हणजे अकरा वर्षांनी बिळातला नागोबा आपण होऊन बाहेर निघाला होता. मी पेढे वाटायला हवे होते. रात्री जेवायला बसलो. तिनं वाढलं. मी जेवलो. भाजी चांगली झालीय म्हणालो. ती हो म्हणाली. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता. घरात दोन माणसं असताना तो आवाज मला कधी ऐकूच आला नव्हता. असेच आठवडाभर जेवलो आम्ही. आमच्या जेवणात सगळं बोलणं त्या नाडगीरचं होतं, हे तो गेल्यावर मला कळलं.

आणि इकडं कारखान्यात जगदाळे. कँटीनमध्ये मी दिसलो की, "काय खांबेटे, डॉक्टर काय म्हणतोय?" दोनदा सोडून दिलं. तिसऱ्यांदा मला नाकाला मिरच्या झोंबल्यासारखं झालं. माझ्या बायकोवर रागवायचा हक्क माझा, हसायचाही माझा. या माणसाला कुणी दिला? हंगाम नुकताच संपला होता. उसाची शेवटची मोळी पडून ऊस आत ओढणारी गव्हाण थांबली होती आणि लॅबमध्ये माश्या मारण्याशिवाय काम नव्हतं. गाठोडं मी वाचनालयात न नेता लॅबच्या कपाटात नेऊन ठेवलं होतं. ते सोडलं, 'विहिरीवरचा दिवा' काढलं आणि जन्मात पहिल्यांदा नाडगीर वाचायला बसलो. जगदाळ्यांच्या तोंडावर पान आपटायचं, एवढाच हेतू.

संध्याकाळपर्यंत पुस्तक संपलं. खुनी डॉक्टरच होता. शब्दन् शब्द तिनं सांगितला तसा. मी कँटीनमध्ये जाऊन जगदाळ्यांपुढं ते पान उघडून धरलं.

"वाचा."

त्यांनी वाचलं. "मग टीव्हीवाल्यांनी माळी का केला?"

"ते त्यांना विचारा. माझ्या बायकोचं बरोबर होतं. पोरांसमोर म्हणा तसं, रविवारी."

"बरं बाबा," ते म्हणाले. "एवढं काय त्यात." पण रविवारी ते म्हणाले, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. प्रमिला ते ऐकायला नव्हती. ती पुन्हा त्या घरी गेलीच नाही.

मी मात्र अडकलो होतो. पुस्तकात मला काहीतरी खटकलं होतं आणि काय ते चटकन कळत नव्हतं. दुसरं पुस्तक वाचलं, तिसरं वाचलं, तेव्हा उजेड पडला. नाडगीर उंच आहेत, सावळे आहेत. बस. लेखकानं याच्यापलीकडं त्यांच्यावर शाई खर्च केलेली नव्हती. चष्मा कुठंच नाही. चहा घेतात, पण बशी नाही. हसतात तेव्हा नुसतं 'नाडगीर हसले' एवढंच. खांदे नाहीत. मी सगळं गाठोडं वाचून काढलं. कुठल्याही पानावर तो चष्मा पुसणारा, बशी हातात धरून विचार करणारा माणूस मला सापडला नाही.

मग तो आला कुठून?

छापील माणसाचा हेवा करण्यात एक सुख असतं. तो कधी दार वाजवत नाही. पण हा माणूस छापील नव्हता. याला हात होते, खांदे होते, याच्या बशीतला चहा खरा होता आणि तो निवेपर्यंत माझी बायको त्याच्यासमोर बसलेली होती. मला रात्रीची झोप येईना. अकरा वर्षं मी नको त्या माणसावर डूख धरून होतो.

मी तपासाला लागलो. वाचून वाचून तेवढी अक्कल आली होती. लग्नाआधीचं बघावं तर तिच्या माहेरी बाप लहानपणीच गेलेला, घरात मामा, आणि मामा चहाला शिवायचा नाही. कॉलेजात गेली ती मुलींच्या. विट्याची दोन वर्षं मी सगळ्यांत आधी निकालात काढली. माझे वडील घरात असताना परका पुरुष उंबऱ्याच्या आत येणं शक्यच नव्हतं. कोर्टात शिरस्तेदार होते ते. घरातही तसेच, समोर उभं राहायचं ते आरोपीनं. नाना आधी एकटे जेवायचे, मग आम्ही. माझ्याशी त्यांचं बोलणं म्हणजे फी भरली का, निकाल कधी, मनिऑर्डर पोचली का. आता त्यांना जाऊनही तीन वर्षं झाली होती.

उरली कॉलनी. कॉलनीत तिच्याशी पुस्तकांबद्दल बोलणारा एकच, वाचनालयाचे बाबर. उंच. सावळे. आणि चष्मा. मी त्यांना चहाला बोलावलं.

बाबर बिचारे कसलं तरी काम असेल म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून आले. प्रमिलेनं चहा आणून ठेवला. त्यांनी चष्मा काढला आणि मी खुर्चीत पुढं सरकलो. पण तो वाफेनं धुरकटला होता म्हणून काढला होता. मग त्यांनी कप तसाच तोंडाला लावला, भुर्रकन आवाज केला, आणि मी काही न बोलता बशीकडेच बघत बसलोय म्हटल्यावर घाबरून म्हणाले, "साहेब, माझं काही चुकलंय का?"

"नाही, नाही. वाचनालय छान चालवता तुम्ही."

त्यावर ते खदखदून हसले. खांदे बिलकुल हलले नाहीत. बाबर सुटले.

"त्यांना कशाला बोलावलं होतंत?" ते गेल्यावर प्रमिलेनं विचारलं.

"सहज."

"सहज तुम्ही सख्ख्या भावालाही बोलावत नाही."

पुढच्या रविवारी दुपारी ती अंगणाच्या बाजूला सुपात शेंगा घेऊन फोडत बसली होती. पलीकडून जगदाळ्यांच्या घरातली माणसांची ये-जा ऐकू येत होती. मी चादरीचं गाठोडं आणलं आणि तिच्यासमोर ठेवलं.

"हे तुम्ही दिलं नाहीत?"

"प्रमिला, नाडगीरांचा चष्मा कुठं आहे?"

"म्हणजे?"

"मी सगळी वाचली. चष्मा कुठंच नाही. बशी नाही. खांदे हलत नाहीत."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. "तुम्ही वाचलीत? सगळी?" ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघत राहिली. उंबऱ्याला टेकून पुस्तकाकडे बघायची, अगदी तसंच. इतकी वर्षं जी नजर मागत होतो ती समोर होती आणि माझं तिकडं लक्ष नव्हतं. माझं लक्ष त्या दुसऱ्यावर.

"कोण आहे तो?" मी विचारलं.

"कोण?"

"बशीत चहा ओतणारा. मला सांगून टाक. मी काही करणार नाही. पण मला नाव हवंय."

आधी तिला कळलंच नाही. मग कळलं, आणि ती हसायला लागली. हसता हसता माझ्या चेहऱ्याकडे बघून थांबली.

"तुम्हाला खरंच ओळखता आलं नाही?" ती म्हणाली. "अहो, नाना."

"कुठले नाना?"

"आता आपल्यात नाना किती आहेत?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं एरवी म्हटलं असतं कुणी. पण मला कळसा काखेत होता असंही वाटेना. मी म्हणालो, "नाना बशीतून चहा घ्यायचे?"

"रोज. दुपारी तीनला. सासूबाई झोपल्या की."

ती सांगायला लागली. लग्न होऊन महिना झाला असेल. कपड्यांच्या घडीत तिला एक नाडगीर सापडला, नानांच्या बंडीत गुंडाळलेला. पुस्तक हातात आणि समोर नाना. ती घाबरून गेली. नाना तिच्याहून जास्त घाबरले. म्हणाले, सूनबाई, कोर्टात तीस वर्षं खरे खटले बघितले, एकाचाही शेवट समाधानाचा नाही, म्हणून वाचतो. कुणाला सांगू नका. मग विचारलं, तुम्ही वाचता का? तिथून सुरू झालं. पुस्तक भाड्यानं आणलेलं, एकच, आणि दुसऱ्या दिवशी परत द्यायचं, म्हणून ते वाचून दाखवायचे आणि ती ऐकायची. शेवटचं प्रकरण ते कोर्टातले कागद शिवायचे तसं दाभणानं शिवून टाकायचे, स्वतःचाही धीर सुटू नये म्हणून. गाठीपाशी आले की बशीत चहा ओतायचा, चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसायचा आणि विचारायचं, बोला सूनबाई, तुमचं काय मत?

"माझं मत," प्रमिला म्हणाली. "तोपर्यंत मला कुणी मत विचारलं नव्हतं हो. माहेरी तर नाहीच. पहिल्यांदा मी नुसती मान खाली घालून बसले. तर म्हणाले, घाई नाही, चहा निवेपर्यंत विचार करा. आणि बसले बशी धरून."

"आणि चुकलं तर?"

"तर खांदे हलायचे. पण माझं बरोबर आणि त्यांचं चूक निघालं की जास्त हलायचे."

नानांना हसताना मी कधी बघितलेलं नव्हतं. खांदे हलवून नाही आणि न हलवूनही नाही. मी डोळे मिटून नानांच्या हातात बशी ठेवून बघितली. बसेना. मला त्यांचे हात आठवत होते ते काठी टेकलेले.

"मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी शपथ घातली होती." ती सुपातल्या शेंगा उगाच इकडच्या तिकडं करू लागली. "म्हणाले, सासूला एक वेळ कळलं तरी चालेल. दत्तूला कळता कामा नये."

"का?"

"तुम्ही फार मानता त्यांना म्हणून असेल."

"आणि माझ्याबद्दल काय बोलायचे? एवढ्या दुपारी बसायचात. माझा विषय निघत असेल."

"निघायचा की," ती म्हणाली. "निघायचा तर. कौतुक होतं त्यांना तुमचं. नोकरीचं, हुशारीचं, सगळ्याचंच. म्हणायचे, लहानपणापासून शांत. फार अभिमान होता. कितीदा म्हणायचे."

मी आता नाडगीरची सगळी पुस्तकं वाचलेला माणूस होतो. विचारलेल्यापेक्षा जास्त उत्तर देणारा साक्षीदार काहीतरी झाकत असतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. ती माझ्याकडे बघतही नव्हती.

या गोष्टीला आता तीस वर्षं होऊन गेली. पण तेव्हा जसा जळलो तसा मी त्या डिटेक्टिव्हवर कधी जळलो नव्हतो. तो हेवा काहीच नव्हता. नवऱ्यांना असतात तसला एक. आता मला हेवा वाटत होता तो बायकोचा. परक्या घरातून आलेली बाई दोन वर्षं तिथं राहिली आणि मला मिळालेच नाहीत ते वडील घेऊन आली. वर सरळ चेहऱ्यानं समोर बसली होती.

"उठू का?" ती म्हणाली. "चहाची वेळ झाली."

"बस," मी म्हणालो. "अजून सांग."

"काय सांगू?"

"काहीही. ते वाचायचे कसे? आवाज काढायचे का?"

 ती सूप बाजूला सारून, मांडी नीट घालून सांगायला लागली, की बायकांची वाक्यं ते फार बारीक आवाजात म्हणायचे आणि भांडणाच्या जागी पुस्तक खाली ठेवून आधी चष्मा पुसायचे. मी तिच्या समोर जमिनीवर बसलो आणि कुणा दुसऱ्याच्या वडिलांची गोष्ट ऐकावी तसा ऐकत राहिलो.